प्यूजो ३०९ : डोंबिवलीजवळ बनलेली फ्रेंच गाडी कुठे गेली?

जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर दर काही दिवसांनी एक फोटो येतो. पाच दरवाजांची, सरळसोट रेषांची, मागून थोडी सपाट गाडी, पुढच्या जाळीवर मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह आणि खाली प्रश्न, "ही कुठली गाडी? आपल्याकडे कधी होती?" उत्तरं नेहमीचीच येतात. कुणी म्हणतं बाहेरून आणलेली असेल, कुणी म्हणतं दूतावासाची असेल.

ती बाहेरून आणलेली नाही. प्यूजो ३०९ ही फ्रेंच हॅचबॅक नव्वदच्या दशकात कल्याण-शिळ रस्त्यावर, डोंबिवली पूर्वेजवळच्या कारखान्यात तयार होत होती. बोईसर, पालघर, डहाणूच्या वाचकांना ही जागा लांबची वाटेल, पण तेव्हा हा सगळा पट्टा एकाच जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. त्याआधी तारापूर एमआयडीसी आणि डोंबिवली एमआयडीसी दोन्ही ठाणे जिल्ह्यातल्याच, आणि बोईसरच्या माणसाने गाडी घेतली की नंबर एमएच-०४ चा मिळायचा. आज डहाणू-पनवेल मेमूने बोईसरहून निघालं तर वसईला वळून, खाडी ओलांडून गाडी कोपरला येते. कोपरहून डोंबिवली पुढचंच स्टेशन.

तर जगातल्या सगळ्यात जुन्या मोटार कंपन्यांपैकी एक कंपनी इथे आली, गाडी बनवली आणि तीन-चार वर्षांत निघून गेली. गाडी वाईट होती म्हणून हे झालं असं मात्र नाही.

आधी हा सिंह कुठला ते पाहू

प्यूजो हा आपल्याकडचा उच्चार. फ्रेंच लोक 'पझो'च्या जवळचं काहीतरी म्हणतात. स्वित्झर्लंडच्या सीमेजवळ राहणारं हे कुटुंब १८१० च्या सुमारास गिरणी मोडून पोलादाच्या धंद्यात उतरलं. करवतीची पाती, छत्रीच्या काड्या, कॉफी दळायची यंत्रं असा माल ते करत. सिंहाचं चिन्ह १८५८ मध्ये नोंदवलं गेलं ते करवतीसाठी. पातं सिंहाच्या दातासारखं टणक आहे हे त्यातून सांगायचं होतं. मग सायकली आल्या, १८८९ मध्ये वाफेवरची तीनचाकी आली आणि १८९६ पासून मोटारींची वेगळी कंपनी सुरू झाली. मिरी दळायच्या प्यूजोच्या चक्क्या आजही मिळतात.

मॉडेलला तीन आकडे द्यायचे आणि मधला शून्य ठेवायचा, ही पद्धत १९२९ च्या २०१ पासूनची. या शून्यावर कंपनीचा इतका जीव होता की पोर्शेने आपल्या नव्या स्पोर्ट्स कारला ९०१ नाव दिलं तेव्हा प्यूजोने १९६४ मध्ये हरकत घेतली. पोर्शेने शून्याच्या जागी एक घातला. जगप्रसिद्ध ९११ हे नाव असं आलं.

नाव एकाचं, गाडी दुसऱ्याची

३०९ ची गंमत अशी की ती मुळात प्यूजो म्हणून आखलेलीच नव्हती.

१९७८ मध्ये अमेरिकेची क्रायस्लर कंपनी अडचणीत होती. युरोपातला तोट्यातला पसारा तिला नको होता. त्यात ब्रिटनमधली जुनी रूट्स कंपनी होती, फ्रान्सची सिम्का होती आणि स्पेनमधला माद्रिदजवळचा कारखाना होता. प्यूजोने (तेव्हा सित्रोएनही तिच्याकडे आली होती) हे सगळं नावापुरत्या एका डॉलरला घेतलं. सोबत कर्जही घेतलं, ते मात्र नावापुरतं नव्हतं. या गाड्यांना 'टॅल्बो' हे जुनं नाव पुन्हा देण्यात आलं.

टॅल्बोची होरायझन नावाची एक छोटी गाडी होती. तिची जागा घेणारी गाडी इंग्लंडमध्ये कोव्हेंट्रीजवळच्या केंद्रात आखली गेली आणि तिचं नाव ठरलं 'ॲरिझोना'. खर्च वाचवण्यासाठी सांगाडा प्यूजो २०५ चा घेतला आणि थोडा लांबवला. दरवाजेसुद्धा २०५ चेच लावले. २०५ ही १९८३ ची गाडी, तिने प्यूजोला अक्षरशः बुडता बुडता वर काढलं होतं. पुढे तिच्या पन्नास लाखांहून जास्त गाड्या खपल्या.

गाडी तयार होईपर्यंत टॅल्बो हे नाव बाजारात चालेनासं झालं होतं. १९८५ मध्ये ठरलं की ॲरिझोना ही प्यूजो म्हणूनच विकायची. पण आकडा कुठला द्यायचा? घरात ३०५ आधीच चालू होती. ही गाडी आकाराने तिच्यापेक्षा लहान आणि घराण्याबाहेरची, म्हणून ३०६, ३०७ असे पुढचे आकडे सोडून थेट ३०९ दिला. त्यामुळेच ३०९ नंतर १९९३ मध्ये आलेल्या गाडीचं नाव ३०६ आहे. हा उलटा क्रम पाहून आजही लोक गोंधळतात.

सुरुवातीच्या स्वस्त ३०९ मध्ये इंजिनसुद्धा सिम्काचं जुनं होतं, साठच्या दशकाच्या सुरुवातीचं, खडखड वाजणारं. काही वर्षांनी त्याच्या जागी प्यूजोची टीयू मालिकेतली नवी इंजिनं आली. भारतात आली ती या दुसऱ्या पिढीची इंजिनं.

सिम्काबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण ती पुढे लागणार आहे. सिम्का ही कंपनी १९३४ मध्ये सुरू झाली ती फ्रान्समध्ये फियाटच्या गाड्या परवान्यावर बनवण्यासाठी. नंतर ती क्रायस्लरने घेतली. म्हणजे ३०९ च्या कुळात आधी फियाट आहे, मग क्रायस्लर आणि शेवटी प्यूजो.

इकडे प्रीमियरचं कूळ पाहा

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. सोलापुरात जन्मलेल्या वालचंदांनी जहाजं, विमानं आणि साखर या धंद्यांत हात घातलाच होता, मोटार ही त्यांची शेवटची मोठी हौस. कुर्ल्याच्या कारखान्यात १९४६-४७ च्या सुमारास गाड्या जोडायला सुरुवात झाली. भागीदार होती क्रायस्लर. डॉज, प्लिमथ, डिसोटो अशा गाड्या आणि फार्गो ट्रक तिथून निघत.

पन्नासच्या दशकात फियाटशी करार झाला. मग फियाट ११००, १९६४ ची डिलाइट आणि सत्तरच्या दशकात 'पद्मिनी' हे नाव. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणजे हीच पद्मिनी. ती टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली ती ३० ऑक्टोबर २०२३ ला.

क्रायस्लर आणि फियाट ही दोन्ही नावं दोन्हीकडे आहेत. कल्याणमध्ये प्यूजो आणि प्रीमियर एकत्र आले तेव्हा एका अर्थी लांबचे नातेवाईकच भेटत होते. हे त्यांच्या लक्षात आलं होतं की नाही, कोण जाणे.

प्रीमियरची अडचण डिसेंबर १९८३ मध्ये सुरू झाली. गुडगावहून मारुती ८०० निघाली. हलकी, कमी पेट्रोल पिणारी, चावी फिरवली की सुरू होणारी. पद्मिनीसाठी वर्षानुवर्षं रांगेत उभा असलेला मध्यमवर्ग तिकडे वळला. प्रीमियरने १९८५ मध्ये ११८ एनई आणली, तिला फियाट १२४ चं शरीर आणि निसानचं इंजिन होतं. चांगली गाडी होती, पण मारुतीला ती उत्तर नव्हती. नव्वद साल उजाडलं तेव्हा कंपनीकडे मुंबईच्या पोटात एक जुना कारखाना होता, कल्याण-शिळ रस्त्यावर मोठी जमीन आणि दुसरा कारखाना होता, देशभर विक्रेते होते आणि विकायला तिसेक वर्षांपूर्वीच्या घडणीची गाडी होती.

१९९३ नंतरची घाई

१९९१ च्या धोरणाने परदेशी भांडवलाची दारं उघडली, १९९३ मध्ये मोटारींवरचा औद्योगिक परवाना गेला. त्यानंतरच्या तीन वर्षांत देशात जेवढ्या परदेशी मोटार कंपन्या आल्या तेवढ्या आधीच्या चाळीस वर्षांत आल्या नव्हत्या. देवूची सिएलो आली, मर्सिडीज पुण्याला आली, ओपल ॲस्ट्रा आणि फोर्ड एस्कॉर्ट आल्या. बहुतेक जण एखादा भारतीय भागीदार शोधत होते, कारण जमीन, कारखाना आणि विक्रेते एका रात्रीत उभे करता येत नाहीत.

प्यूजोला प्रीमियर मिळाली. १९९४ मध्ये 'पाल-प्यूजो' ही संयुक्त कंपनी झाली आणि कल्याणचा कारखाना तिच्याकडे आला. 'पाल' म्हणजे प्रीमियर ऑटोमोबाइल्स लिमिटेडची आद्याक्षरं. बनवायची गाडी ठरली ३०९.

तोपर्यंत युरोपात ३०९ ची जागा ३०६ ने घेतली होती. म्हणजे तिकडे निवृत्त झालेली गाडी इकडे नवी म्हणून आली. यावर आज टीका करणं सोपं आहे, पण तेव्हा जवळपास सगळे हेच करत होते. कारण साधं आहे. मोटारीच्या पत्र्याचे साचे आणि जिगं हा प्रचंड खर्च असतो. एका देशात मॉडेल बंद झालं की ते साचे रिकामे होतात आणि दुसरीकडे स्वस्तात लावता येतात. पद्मिनी तशीच आली होती, ॲम्बेसेडरही तशीच. शिवाय भारतीय ग्राहकासमोर तुलनेला होतं काय? पद्मिनी, ॲम्बेसेडर, ११८ एनई आणि मारुती. त्यांच्या शेजारी उभी केली की १९८५ ची ३०९ सुद्धा उद्याची गाडी वाटायची.

गाडी कशी होती?

लांबी चार मीटरच्या थोडी वर, पाच दरवाजे, मागची काच थोडी गोलसर आणि मागे उचलायचं झाकण. म्हणजे हॅचबॅक, पण आजच्या स्विफ्टसारखी टोकाशी तुटणारी नाही. मागे छोटी पाठ होती, त्यामुळे लांबून ती डिकीची गाडी वाटायची. त्या काळी डिकी नसलेली गाडी म्हणजे अर्धी गाडी अशी समजूत होती, तेव्हा ही गोष्ट तिच्या फायद्याचीच.

पेट्रोल इंजिन १३६० सीसीचं होतं. खरी चर्चा होती डिझेलची. १५२७ सीसीचं, टीयूडी५ नावाचं हे इंजिन टर्बोशिवायचं होतं, ताकद साठ अश्वशक्तीच्याही खाली. पण ते हलकं होतं आणि डिझेल फार कमी प्यायचं. डिझेलवर चालणाऱ्या ॲम्बेसेडर आणि जीपगाड्या लोकांना माहीत होत्या. सकाळी धूर काढत थरथरणारी ती इंजिनं वेगळी आणि हे वेगळं. त्या वर्षांत पेट्रोल आणि डिझेलच्या दरात मोठं अंतर होतं, सरकार डिझेल मुद्दाम स्वस्त ठेवत होतं. रोज शंभर-दीडशे किलोमीटर फिरणाऱ्या माणसासाठी हा हिशेब सरळ होता. वापीपासून ठाण्यापर्यंत महामार्गावर धंदा करणाऱ्या कुणालाही तो समजावून सांगावा लागला नसता.

दुसरी ख्याती चालीची. फ्रेंच गाड्या मऊ चालतात हे जगभर म्हटलं जातं, आणि ३०९ मध्ये ते होतं. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे प्रत्येक चाकाला वेगळा हात आणि आडव्या टॉर्शन बार. म्हणजे पाट्याची किंवा गुंडाळीची स्प्रिंग नाही, पोलादी सळई पिळवटते आणि सुटते, तीच स्प्रिंगचं काम करते. ही रचना जमिनीलगत बसते, त्यामुळे मागे सामानाला जागा सपाट आणि रुंद मिळते. खड्ड्यातून जाताना मागच्या बाकावरच्या माणसाला तो फरक जाणवायचा.

याच रचनेचा एक दोषही होता आणि तो २०५ मध्येही होता. मागच्या हातांमध्ये सुईसारख्या रोलरची बेअरिंगं असतात. त्यांच्यात पाणी शिरलं की ती गंजतात, मग हात झिजतो आणि मागची चाकं वरच्या बाजूने आत झुकतात. युरोपात हे वर्षानुवर्षांनी होतं. कोकणच्या पावसात किती वर्षांनी होईल, हा हिशेब वेगळा. दुरुस्ती म्हणजे अख्खा मागचा ॲक्सल खाली उतरवणं. ते काम जाणणारा मिस्त्री हवा आणि भाग हवेत.

पाल-प्यूजो अडली ती इथेच. ३०९ विकायला आणि दुरुस्त करायला जी माणसं होती त्यातली बरीच प्रीमियरच्या जुन्या विक्रेत्यांकडची. पद्मिनी दुरुस्त करायला हातोडी, पाना आणि अनुभव पुरतो. फ्रेंच गाडीला माप लागतं, वेगळी अवजारं लागतात, मूळ भाग लागतात. सेवा बरी नाही अशी तक्रार गाडीच्या नावाला लवकरच चिकटली. गाडी वर्कशॉपात पडून आहे हे शेजाऱ्याला दिसतं, मग तो ती गाडी घेत नाही.

एका घरात दोन पाहुणे

प्यूजो कल्याणला येऊन स्थिरावते ना स्थिरावते, तोच प्रीमियरने कुर्ल्यात जुन्या मैत्रिणीला बोलावलं. फियाटबरोबर नवा करार झाला आणि १९९६ च्या सुरुवातीला फियाट उनोचं बुकिंग उघडलं. दोन लाखांहून जास्त लोकांनी पैसे भरले. देशभर त्याचीच चर्चा होती.

उनो आणि प्यूजो २०५ यांचं वैर जुनं. दोघी १९८३ मध्ये एका महिन्याच्या अंतराने आल्या होत्या आणि १९८४ च्या युरोपियन कार ऑफ द इयरमध्ये उनो पहिली, २०५ दुसरी आली होती. आता २०५ ची लांबवलेली बहीण आणि उनो एकाच भारतीय भागीदाराच्या घरात होत्या. एक कल्याणला, दुसरी कुर्ल्याला. विक्रेते बरेचसे तेच, भागीदाराचं भांडवल तेच, व्यवस्थापनाचं लक्षही तेच. किंमतीत आणि आकारात दोन्ही गाड्या वेगळ्या होत्या हे खरं, पण प्यूजोच्या बाजूने पाहिलं तर जोडीदाराने आपल्या थेट प्रतिस्पर्ध्याशी दुसरा संसार मांडला होता.

प्रीमियरच्या बाजूनेही विचार करायला हवा. तिला भीती होती की एका परदेशी कंपनीवर विसंबलं आणि ती गेली तर हातात काहीच राहणार नाही. भीती अगदीच चुकीची नव्हती. पण दोन संयुक्त कंपन्या एकाच वेळी पेलण्याइतका पैसा आणि माणूसबळ तिच्याकडे नव्हतं. पुढच्या दोन वर्षांत ते उघड झालं.

कारखान्याच्या आत

प्रीमियरचे कामगार म्हणजे मुंबईतल्या अभियांत्रिकी उद्योगातला बऱ्यापैकी संघटित आणि बरा पगार घेणारा वर्ग. सत्तरच्या दशकापासून डॉ. दत्ता सामंत यांच्या युनियनचं तिथे वजन होतं. गिरणी संपामुळे सामंत देशभर माहीत झाले ते १९८२ मध्ये, पण प्रीमियरमधली त्यांची ताकद त्याआधीची आहे.

अशा ठिकाणी कारखाना एका कंपनीकडून दुसऱ्या संयुक्त कंपनीकडे जातो तेव्हा यंत्रांबरोबर माणसंही जातात. कायद्यात याची तरतूद होती. औद्योगिक विवाद कायद्याचं कलम २५ एफएफ सांगत असे की मालकी बदलताना कामगाराची नोकरी अखंड धरली गेली पाहिजे आणि नव्या मालकाच्या अटी आधीपेक्षा कमी असता कामा नयेत. नाहीतर त्याला छाटणीइतकी भरपाई द्यायची. कागदावर हे स्वच्छ आहे. पण नवी गाडी नव्या पद्धतीने, कमी माणसांत बनवायची असते. परदेशी भागीदाराच्या डोक्यात दर माणशी किती गाड्या हा आकडा असतो, कामगाराच्या डोक्यात निवृत्तीला किती वर्षं राहिली हा आकडा असतो. नवी कंपनी बुडाली तर आपली ग्रॅच्युइटी कोण देणार, जुना मालक की नवा? वीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाने हा प्रश्न विचारला तर त्याला आडमुठा म्हणता येत नाही.

पाल-प्यूजोत कामगार आणि व्यवस्थापन यांच्यात तंटे झाले, उत्पादन अडखळलं. कुर्ल्यात उनोच्या बाबतीतही तेच झालं, लाखोंनी बुकिंग केलेली गाडी लोकांच्या दारात पोचेना. १६ जानेवारी १९९७ ला पवईत डॉ. सामंतांची भर रस्त्यात हत्या झाली. मुंबई-ठाण्याच्या कामगार पट्ट्यासाठी तो महिनाच हादरवणारा होता.

आणि आणखी एक गणित मागे चालूच होतं. सुरुवातीला अशा गाड्या सुट्या भागांच्या पेट्यांतून जोडल्या जातात. हे भाग परदेशातून येतात, त्यावर आयात शुल्क आणि परकीय चलनाचा दर लागतो. हळूहळू भाग इथेच बनवून घ्यायचे आणि किंमत खाली आणायची, असा बेत असतो. त्यासाठी सुट्या भागांच्या कारखानदाराला ठरावीक संख्येची खात्री लागते. गाड्याच अडखळत निघत असतील तर महागडे साचे करून देणारा कोण? मग भाग परदेशीच राहतात, गाडी महाग राहते आणि महाग म्हणून कमी खपते. ३०९ या चक्रात सापडली.

१९९७ मध्ये प्यूजोने अंग काढून घेतलं. कुर्ल्याची बाजू पुढे फियाटने आपल्या हाती घेतली. १९९८ मध्ये बाजारात सँट्रो, मॅटिझ आणि होंडा सिटी आल्या आणि वर्षाच्या शेवटी पिंपरीहून टाटांची इंडिका निघाली. डिझेलवर चालणारी, पाच दरवाजांची, आत मोकळी जागा असलेली हॅचबॅक. ३०९ ज्या गिऱ्हाइकासाठी आली होती तो गिऱ्हाईक खोटा नव्हता, हे इंडिकाने दाखवून दिलं. तिच्याकडे स्वतःचा कारखाना होता, आजूबाजूला पुण्याचे भाग बनवणारे होते आणि गावोगाव टाटांचे मिस्त्री होते.

गाडी गेली, इंजिन राहिलं

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मारुतीला डिझेल गाडी हवी होती आणि तिच्याकडे स्वतःचं छोटं डिझेल इंजिन नव्हतं. मारुतीने प्यूजोकडून तेच टीयूडी५ घेतलं. झेन डी आणि एस्टीम डिझेल या गाड्यांच्या बॉनेटखाली फ्रेंच इंजिन होतं, हे ती वर्षानुवर्षं चालवणाऱ्या अनेकांना आजही माहीत नसतं. ज्यांच्याकडे ३०९ डिझेल होती त्यांच्यासाठी ही मोठीच सोय झाली. इंजिन ओळखणारे मिस्त्री तयार झाले.

प्रीमियरनेही हे इंजिन सोडलं नाही. पिंपरी-चिंचवडला गेलेल्या या कंपनीने २००९ मध्ये 'रिओ' नावाची छोटी एसयूव्ही आणली. शरीर चिनी होतं, डिझेल इंजिन प्यूजोच्या त्याच घराण्यातलं. तीही फार चालली नाही.

आता ज्यांच्याकडे ३०९ उरली आहे त्यांच्यासाठी अडचण पत्र्याची, काचेची आणि दिव्यांची आहे. थोडा दिलासा असा की दरवाजे २०५ चे असल्याने युरोपातल्या २०५ च्या बाजारात काही भाग सापडतात. कागदपत्रांचं मात्र कठीण. पंधरा वर्षं झाली की फेरनोंदणी, तीही पुन्हा पाच वर्षांपुरती, आणि वर पर्यावरण कर. १ एप्रिल २०२२ पासून खाजगी मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं. विंटेज म्हणून सवलत मागावी तर २०२१ च्या केंद्रीय नियमात पन्नास वर्षांची अट आहे. १९९५ ची ३०९ त्यात बसेल २०४५ मध्ये.

पुन्हा येण्याच्या गोष्टी

प्यूजोने २०११ मध्ये गुजरातमध्ये साणंदला कारखाना काढायचं जाहीर केलं. युरोपात मंदी आली आणि वर्षभरात बेत बारगळला. २०१७ मध्ये तिने हिंदुस्तान मोटर्सकडून 'ॲम्बेसेडर' हे नाव ८० कोटी रुपयांना विकत घेतलं, तेव्हा पुन्हा बातम्या झाल्या. त्या नावाची गाडी आलेली नाही.

जानेवारी २०२१ मध्ये प्यूजो-सित्रोएनचा समूह आणि फियाट-क्रायस्लर एकत्र येऊन स्टेलांटिस ही कंपनी झाली. म्हणजे प्रीमियरची पहिली भागीदार क्रायस्लर, दुसरी फियाट आणि तिसरी प्यूजो, तिघी आता एकाच छताखाली आहेत. कल्याण आणि कुर्ल्यात ज्यांचं जमलं नाही त्यांचा हिशेब आता एकाच वहीत लिहिला जातो. याच समूहाने जुलै २०२२ मध्ये भारतात सित्रोएन सी३ ही छोटी फ्रेंच हॅचबॅक आणली, ती तमिळनाडूत तिरुवल्लूरला बनते. महाराष्ट्रात समूहाचं काम चालतं ते पुणे जिल्ह्यात रांजणगावला, टाटांबरोबर फियाटने उभ्या केलेल्या कारखान्यात. जीप कंपास तिथून निघते. सिंहाचं चिन्ह असलेली नवी गाडी मात्र भारतात विकायला नाही.

कल्याण-शिळ रस्त्यावरच्या कारखान्याच्या जमिनीवर आता उंच इमारतींची संकुलं आहेत. बसमधला माणूस आजही 'प्रीमियर कॉलनी' म्हणतो आणि तिथल्या मोकळ्या पटांगणाला सभांच्या पोस्टरवर 'प्रीमियर मैदान' असंच छापलेलं असतं. पुढच्या वेळी ग्रुपवर तो सिंहाचा फोटो आला की पत्ता हाच द्यायचा.